काडतूस हाताने फाडलं असतं तर?

लीड्स, इंग्लंड

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

मंगल पांडेंवरचा आमिर खानचा २००५ चा सिनेमा पाहून तू विचारलंस, "काका, काडतूस दाताने कशाला तोडायचं? हाताने फाडलं असतं तर?" हा प्रश्न १८५७ मध्येही निघाला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बंदूक समजून घे. एनफिल्ड, १८५३ चा नमुना. नळी ३९ इंच, आत पीळ दिलेल्या तीन खाचा. नळीचं भोक साधारण १४.७ मिलिमीटर, गोळी १४.४ ची. ती बारीक फट काडतुसाचा कागद भरून काढतो, म्हणून गोळी कागदासकट आत जाते. बार उडाला की गोळीचा मागचा पोकळ भाग फुगतो, खाचांत घट्ट बसतो आणि गोळी गरगर फिरत बाहेर पडते. नेम साधतो तो त्यामुळे. पण दारूची काजळी आत साचत जाते. कागदाला वंगण नसेल, तर काही बारांनंतर गजाने कितीही ठासलं तरी गोळी मध्येच अडकते.

काडतूस म्हणजे बोटाएवढी कागदी पुंगळी. एका टोकाला ३४ ग्रॅमची शिशाची गोळी, दुसरीकडे साडेचार ग्रॅमच्या आसपास दारू आणि पिळून बंद केलेला कागद. शिपाई डाव्या हाताने बंदूक उभी धरतो, उजव्या हातात काडतूस. पीळ सोडवायला हात उरतो कुठे? म्हणून दात. मग दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीचं टोक आत सरकवायचं, वरचा उरलेला कागद तोडून टाकायचा, गजाने ठासायचं. शेवटी बंदुकीचा घोडा अर्धा ओढून बार पेटवणारी तांब्याची टोपी बसवायची.

आता इथे बारकाईने बघ. वंगण, म्हणजे चरबी, गोळीच्या टोकाला असतं आणि दात लागतात दारूच्या टोकाला. म्हणून "दात चरबीला लागतच नाहीत" असं म्हणता येईल. पण उष्म्यात चरबी वितळून कागदात पसरते, आणि बोटांना तर ती लागतेच. गाईची की डुकराची हा संशय असताना नुसता स्पर्शही धर्म बुडवायला पुरेसा होता. शिपायांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला ही कुणकुण पसरली. महिनाअखेरीस सरकारने हुकूम काढला की वंगण शिपायांनी स्वतःच्या पसंतीचं लावावं. त्याने संशय गेला नाही, उलट "म्हणजे आधी काहीतरी होतंच" असं लोकांना वाटलं. मग नजर कागदाकडे वळली. २६ फेब्रुवारीला बंगालमधल्या बहरामपूरला १९ व्या पलटणीने काडतुसं घ्यायचं नाकारलं, ती जुन्याच बंदुकीची, बिनवंगणाची होती. त्यांना खटकला तो कागदाचा वेगळा रंग. सिनेमात मंगल गोऱ्या मित्राच्या शब्दावर काडतूस तोडतो. तो प्रसंग पटकथेचा असला तरी दुखणं नेमकं तेच आहे: शब्दावर भरवसा उरला नव्हता.

२९ मार्चला बराकपूरच्या मैदानात मंगल पांडेंच्या हातातही एनफिल्ड नव्हती, जुनी बिनखाचांची मस्केट होती. त्यांची गोळी इंग्रज अधिकारी लेफ्टनंट बॉच्या घोड्याला लागली. मग तलवारी निघाल्या. शेवटी नळी छातीला लावून त्यांनी पायाने चाप ओढला, पण जखमी होऊन वाचले. फाशीची तारीख १८ एप्रिल ठरली होती, ती ८ एप्रिललाच दिली. त्यांना पकडायला नकार देणारे जमादार ईश्वरीप्रसाद २१ एप्रिलला फासावर गेले.

आता तुझा प्रश्न. २४ एप्रिलला मीरतला कर्नल कारमायकेल स्मिथने तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांना नेमकं हेच समजावलं: दात लावू नका, हाताने फाडा. काडतुसंही जुनीच होती. तरी ८५ जणांनी हात लावला नाही. बहुतेकांना १० वर्षं सक्तमजुरी झाली. ९ मे रोजी सगळ्या फौजेसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, त्याला काही तास लागले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी मीरत पेटलं आणि स्वार रातोरात दिल्लीकडे निघाले.

दादा-वहिनींना नमस्कार, आजीला साष्टांग दंडवत.

तुझा
काका