चि. नंदूस: माळ्याच्या करकरणाऱ्या फळ्यांबद्दल

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

माळ्यावर पाऊल टाकलं की फळ्या करकरतात, म्हणून तू नवे मोळे ठोकायच्या विचारात आहेस असं कळलं. तेवढं करू नकोस. सैल झालेल्या मोळ्याचं भोक मोठं झालेलं असतं. तोच परत ठोकला तर एखादा ऋतू गप्प बसतो आणि पुन्हा सुरू होतो. शेजारी नवा मारलास तर फणसाची जुनी, वाळलेली फळी कडेला चिरते.

करकर तीन ठिकाणांहून येते. फळी मोळ्याच्या दांड्यावर वरखाली सरकते, फळी आणि कडी (फळ्यांना खालून पेलणारी आडवी तुळई) यांच्यात फट पडून फळी कडीवर आपटते, किंवा दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर घासतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सगळं गच्च बसतं. पावसाळा सरला की ते आकसायला लागतं, उन्हाळ्यात सैल असतं. दुरुस्ती आत्ताच कर. आत्ता जी फट दिसते ती श्रावणात दिसायची नाही.

आधी जागा नेमकी शोध. वर कुणाला तरी चालायला लाव आणि तू खाली स्टुलावर बॅटरी घेऊन उभा राहा. कानावर फार विसंबू नकोस, आवाज फळीतून लांबवर जातो. फळी कडीला टेकते तिथे बोट असं धर की अर्धं फळीवर आणि अर्धं कडीवर येईल. जिथे बोटाला हालचाल लागते तीच जागा. तिथे खडूने फुली मार आणि फटीत पोस्टकार्ड सरकवून बघ, किती आत जातं ते.

पोस्टकार्ड सहज जात असेल तर खालून पाचर घाल. सागाची किंवा ऐनाची, साधारण ६ इंच लांब, जाड टोकाला ४ मिमी आणि दुसरीकडे शून्यावर उतरलेली. दोन्ही अंगांना फेविकॉल लावून हाताने दाबून बसव, वर हातोडीच्या दोन हलक्या थापा पुरे. जोरात ठोकलीस तर पाचर फळीलाच वर उचलते, मग पुढच्या कडीवरचा मोळा सैल होतो आणि आवाज दोन फूट सरकून तिथे जातो.

बाकी ठिकाणी स्क्रू. तुझ्या फळ्या इंचभर, म्हणजे २५ मिमी जाड आहेत, आणि कडीत निदान ३५ मिमी शिरायला हवं. म्हणून ५ × ६० मिमीचे स्क्रू आण. घर समुद्राजवळ आहे, स्टेनलेसचेच घे. साधे लोखंडी गंजतात, आणि ऐनासारख्या लाकडात भोवती काळे डाग पाडतात. डोक्याकडचा भाग गुळगुळीत, फक्त खालच्या अर्ध्यावर आटे, असे मागून घे.

आता खरी मेख. भोकं दोन मापांची लागतात. फळीतून आरपार ५.५ मिमी आणि खाली कडीत ३.५ मिमी. फळीतलं भोक लहान राहिलं तर आटे फळीलाही धरतात आणि कडीलाही, आणि मधली फट जशीच्या तशी राहते. स्क्रू कितीही आवळ, फळी खाली येत नाही. स्क्रू मारूनही आवाज जात नाही अशी तक्रार लोक करतात, ती बहुतेक याचमुळे. उलट कडीतलं भोक बारीक पडलं तर, तुझ्या कड्यांचं किंजळीचं लाकूड इतकं कठीण आहे की स्टेनलेसच्या स्क्रूचं डोकंच तुटतं. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासून घे. साबण लावू नकोस, तो ओल धरतो.

वरून कडी कुठे आहे ते मोळ्यांच्या डोक्यांच्या ओळीवरून कळेल. जुना मोळा उपटायला जाऊ नकोस, फळीची कड निघून येईल. सुंब्याने (डोक्यावर टेकवून हातोडीने ठोकायची बोथट लोखंडी कांब) तो ३ मिमी आत दाब आणि त्याच ओळीत इंचभर बाजूला स्क्रू घे. फळीच्या कडेपासून निदान २० मिमी आत, टोकाशी ४० मिमी आत. स्क्रू आवळताना फळीवर उभा राहा, म्हणजे ती कडीला टेकलेली असेल. डोकं ३ मिमी आत बसव आणि वर त्याच लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भर. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मार.

सगळ्या खोलीत स्क्रू ठोकत सुटू नकोस. १० × १२ ची खोली, १० इंची १२ फळ्या, दोन-दोन फुटांवर ७ कड्या; प्रत्येक ठिकाणी दोन धरले तरी १६८ स्क्रू होतात, आणि बहुतेक जागा ठणठणीत आहेत. शंभराचा डबा आण, निम्मे उरतील.

वरून भोकं नकोत अशी जागा असेल, देवघराच्या वरची वगैरे, तर कडीच्या बगलेला ४० मिमी जाडीची पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसव, आणि पट्टीतून वर फळीत स्क्रू घाल. पट्टी ४० आणि फळी २५ मिळून ६५ होतात; तिथे स्क्रू ५५ च्या वर नको, नाहीतर टोक कुणाच्या तरी तळपायात जाईल. भोकं पाडण्याआधी खालून वायरिंगची पट्टी कुठून गेली आहे ते बघ आणि मेन स्विच बंद कर.

फळी फळीला घासत असेल तर फटीत शंखजिऱ्याची पूड किंवा टाल्कम पावडर सोड आणि वर चार वेळा चाल. तेल नको. तेलावर धूळ बसते आणि पुढे कधी फेविकॉल लावायचा झाला तर धरत नाही. आणि फळ्यांमधल्या फटी कसल्याही लुकणाने भरू नकोस. उन्हाळ्यात भरलेली फट म्हणजे पावसाळ्यात फुगायला जागा नाही, मग फळ्या मधून कमानीसारख्या उचलतात आणि आत्ता बसवलेले स्क्रूसुद्धा ताणले जातात.

एवढं करूनही एखाद्या भागात चालताना भांडी थरथरत असतील तर प्रश्न फळीचा नाही, कडीचा आहे. कडीचं टोक भिंतीत शिरतं तिथे, विशेषतः पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीत, स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ. चांगल्या लाकडात तो अडतो. अर्धा इंच सहज आत गेला, किंवा मातीच्या नळ्या दिसल्या, तर कडी कुजली आहे किंवा वाळवी लागली आहे. मग फळ्यांना हात न लावता आधी सुताराला बोलाव, आणि तो येईपर्यंत त्या कडीखाली टेकू दे. टेकूखाली जमिनीवर फळकुट ठेव, नाहीतर तो रुतेल. वरची भाताची पोतीही तोवर खाली उतरव.

तुझी,
आई