भरीत उरलं तर कुत्र्याला घालू नका

मा. संपादक साहेब,
स. न.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कुत्र्या-मांजरांच्या घरगुती, नैसर्गिक उपचारांवर अर्धं पान छापून आलं त्याबद्दल लिहितोय. माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, माणसांचं, पण आमच्याकडे मांजर आजारी पडलं तरी लोक आधी मेडिकलवरच येतात. सोमवारपासून काउंटरवर त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवणं चालू आहे, टी ट्री ऑइल आहे का, कापूर चांगला कोणता, निलगिरीचं तेल मांजराला चालतं ना. मी नाही म्हटलं की समोरचा म्हणतो अहो पेपरात आलंय. आता यावर काय बोलणार.

सगळ्यात आधी लसूण. तुमच्या लेखात जंत आणि गोचीड दोन्हीवर रोज दोन पाकळ्या लसूण ठेचून जेवणात द्या असं सांगितलंय. लसूण, कांदा, कांद्याची पात ही एकाच घराण्यातली मंडळी आणि कुत्र्या-मांजरांना ती सगळीच विषारी. यातल्या गंधकाच्या संयुगांनी त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी आतून खराब होतात आणि फुटायला लागतात. आपल्याला काही होत नाही कारण आपल्या लाल पेशी ते सहन करतात, त्यांच्या नाही करत. मांजराला वजनाच्या किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा पुरतो, कुत्र्याला १५ ते ३० ग्रॅम, म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, आणि लसूण तर कांद्यापेक्षा जास्त कडक. शिजवलं, भाजलं, वाळवलं तरी विष जात नाही, वाळवल्यावर उलट पाणी उडून जातं आणि तेवढ्याच चिमटीत जास्त माल येतो. आणि दिसायला काही लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं गळाठतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर नाहीतर चहासारखी होते, तोवर घरात कोणाला आठवतसुद्धा नाही की त्याने काय खाल्लं होतं.

हे आपल्या खान्देशात जास्त महत्त्वाचं आहे कारण आपलं खाणंच तसं. थंडी पडली की शेताशेतात भरीत पार्ट्या, बामणोदची वांगी, वर मूठ-मूठ लसूण आणि कांद्याची पात, आणि उरलेलं सगळं कळण्याच्या भाकरीत कालवून राखणीच्या कुत्र्यापुढे. शेवभाजीचा रस्सा उरला तरी तेच, त्यातल्या काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा असतोच. एकदा खाल्ल्याने कुत्रं लगेच मरतं असं मी म्हणत नाही, मोठं कुत्रं पचवूनही नेतं, पण रोज थोडं थोडं गेलं तरी नुकसान साचत जातं आणि तुमचा लेख तर रोजच द्या म्हणतोय. वर पुन्हा उन्हाळ्यात झळ लागली की कांदा ठेचून चारायची आपल्याकडे पद्धत आहे, माणसाला ठीक आहे, पण लोक तेच कुत्र्यालाही करतात.

त्याच लेखात रक्त वाढवायला मनुका भिजवून द्या असंही आहे. द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्ल्यावर पडेल हे कुत्र्या-कुत्र्यागणिक वेगळं, म्हणून किती चालतात विचारलं तर उत्तर एकच, एकही नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण मानतात आणि ते चिंचेतही भरपूर असतं हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता मांजर. मांजर म्हणजे छोटं कुत्रं असं समजून सगळे लिहितात, तुमच्या लेखातही शीर्षक दोघांचं आणि उपाय सरसकट. मांजराच्या लिव्हरमध्ये एक काम फार कमी चालतं, आपण किंवा कुत्रं औषधातले, वनस्पतीतले काही पदार्थ ज्या पद्धतीने निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकतो ती यंत्रणा मांजरात जवळजवळ नाहीच म्हटलं तरी चालेल. मांजर पिढ्यान्‌पिढ्या मांसावर जगलेलं, झाडपाला पचवायची गरजच नव्हती, म्हणून असेल. त्यामुळे टी ट्री, निलगिरी, पुदिना असली सुवासिक तेलं त्याच्या अंगावर लावली की कातडीतून आत जातात, त्यात मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. मग लाळ गळते, तोल जातो, अंग थरथरतं. खोबरेल तेलात कापूर घालून खरजेवर लावायचा उपाय घरोघरी आहे, त्यातला कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तरी झटके येऊ शकतात, मांजराला तर नकोच नको. फिनेल टाकून पुसलेल्या फरशीवरून चालून मांजराने पाय चाटले तरी तोच प्रकार.

मांजराचं लिव्हर कसं वेगळं आहे ते माझ्या काउंटरवर वेगळ्याच गोष्टीतून दिसतं. "भाऊ, मांजरले ताप येल शे, एखादी गोयी दी दे ना." गोयी म्हणजे गोळी, पॅरासिटामॉलची. ५०० ची एक गोळी मांजराला मारायला पुरते, हिरड्या निळ्या-चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. यावर उतारा आहे पण तो डॉक्टरकडे आणि काही तासांच्या आत. मी देत नाही म्हटलं की लोक रागावतात, बाजूच्या दुकानातून माणसासाठी म्हणून घेऊन जातात. त्यामुळे मी नैसर्गिकच्या विरोधात आणि गोळ्यांच्या बाजूने आहे असा अर्थ कोणी काढू नये. माणसाची गोळी आणि माणसाचा काढा, दोन्ही मांजराला सारखेच परके.

गोचिडांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे हे मान्य, आणि लोक उपाय शोधतात ते उगीच नाही. पण रॉकेल लावणं बंद करा. कातडी भाजते, चाटल्यावर फुप्फुसात जातं. गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजे पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घालतात तेही थांबवा, आणि तेच औषध मांजराला लावलं तर मांजर झटके येऊन जातं. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच औषधांचं मूळ नैसर्गिकच, शेवंतीच्या जातकुळीतल्या एका फुलात पायरेथ्रिन असतं, त्यावरून पुढे कारखान्यात बनवलेले भाऊबंद आले, परमेथ्रिन वगैरे, ते कुत्र्याला योग्य प्रमाणात चालतात आणि मांजराला अजिबात नाही. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने कुत्र्याला धुतलं तर माझी हरकत नाही, फार फरक पडेल अशी आशा मात्र ठेवू नका. कडुलिंबाचं तेल मांजराला नको.

मला विचाराल तर गोचिडावर नैसर्गिक म्हणावा असा एकच उपाय आहे, आणि त्यात मेहनत आहे म्हणून तो कोणी करत नाही. कुत्र्याच्या अंगावर जेवढे दिसतात त्याच्या कितीतरी पट घरात असतात. मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते, भिंतीच्या भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते आणि मरते. आपली जुनी धाब्याची घरं, मातीच्या भिंती, गोठ्याचे कोपरे, सगळ्या भेगा त्यांच्याच. तर भेगा बुजवा, कुत्र्याचं गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका आणि मग आपल्या उन्हात दिवसभर पडू द्या. रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, मान, शेपटीखाली बोटं फिरवून बघा, सापडला की चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, हाताने चिरडू नका, सॅनिटायझरच्या बाटलीत टाका. बाकीचं गोचिडाचं औषध डॉक्टरने वजन बघून द्यायचं.

कारण गोचीड नुसतं रक्त पीत नाही, ताप देतं. शहादा-नंदुरबार पट्ट्यात पपईचे मळे, पानं फुकट, त्यामुळे हल्ली टिक फिव्हरच्या कुत्र्याला पपईच्या पानांचा रस पाजायचं खूळ आलंय, प्लेटलेट वाढतात म्हणून. गोचिडातून येणारा एर्लिकिया नावाचा जंतू रक्ताच्या पांढऱ्या पेशीत बसलेला असतो, पानांच्या रसाने तो मरत नाही, डॉक्सीसायक्लिनने मरतो आणि तेही साधारण चार आठवडे द्यावं लागतं. होतं काय की काही कुत्री पहिल्या तापातून आपोआप सावरतात, जेवायला लागतात, श्रेय पपईला जातं, जंतू आतच राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षानेसुद्धा, नाकातून रक्त येतं. तेव्हा हाडाच्या मगजात रक्त तयार होणंच थांबलेलं असतं. त्यावेळी पपईची आठवण कोणी काढत नाही.

पिल्लांना रक्ताची हगवण लागली की डाळिंबाच्या सालीचा काढा, ताक, असं सुरू करतात. पार्व्हो नावाच्या विषाणूचा आजार असेल तर पिल्लू आधीच ओकत असतं, पोटात काही ठरतच नाही, सलाईन लागतं. सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू केल्या असत्या तर ही वेळच बहुतेक आली नसती.

रेबीजबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नाही आणि एका अर्थी बरंच झालं, नाहीतर तिथेही काही पाला निघाला असता. आमच्याकडे अजून कुत्रं चावल्यावर जखमेत मिरची भरतात, चुना लावतात, सातपुड्याकडच्या कोणाकडून जडीबुटी आणून खातात. सातपुड्यातल्या लोकांना झाडपाल्याचं ज्ञान आहे, त्याची थट्टा मी करणार नाही, पण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस असो की जनावर, वाचणं जवळजवळ नाहीच. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवा, टाके घालायची घाई करू नका, आणि सरळ सरकारी दवाखान्यात जा, तिथे लस मिळते, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, जखमेतून रक्त आलं असेल तर सोबत सीरमही. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, मग दरवर्षी. मांजरालाही. मांजर चावल्यानेही रेबीज होतो हे सांगितलं की निम्मे लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

आयुर्वेदाचं नाव घेऊन मला कोणी गप्प करतं म्हणून तेही लिहितो. शालिहोत्राची घोड्यांची चिकित्सा, पालकाप्याचा हत्तींचा ग्रंथ, ही आपली परंपरा खरी आणि मोठी. गाईच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही शिकवतं. पण त्यात प्रमाण लिहिलेलं असतं, कोणतं जनावर ते लिहिलेलं असतं, कुठे आणि किती वेळा लावायचं ते लिहिलेलं असतं. तुमच्या पुरवणीत "थोडा", "चिमूटभर", "गरजेनुसार".

बरं, कुत्र्या-मांजराला नैसर्गिक काय द्यावं तर सावली, पाणी आणि त्याच्या पोटाला मानवेल ते अन्न. कुत्र्याला ज्वारीची भाकरी पचते, माणसाजवळ राहून त्याला स्टार्च पचवायची सवय झालीय, सोबत उकडलेलं अंडं, मसाला न लावलेलं चिकन, थोडं दही, उकडलेला लाल भोपळा. मांजराचं तसं नाही, त्याला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीत असतं, झाडपाल्यात नाही. शाकाहारी घरात दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराचे डोळे आणि हृदय हळूहळू कमजोर होतं, आणि मोठ्या मांजराला दूधही बऱ्याचदा पचत नाही. खेड्यातलं मांजर उंदीर मारून आपलं भागवतं म्हणून निभतं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मांजराने काय करायचं? घरात मांस आणणं जमत नसेल तर मांजराचं तयार खाद्य आणा, तेही जमत नसेल तर ससा पाळा, असं मी तोंडावर सांगतो आणि गिऱ्हाईक जातं.

आणि ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याला घाम येत नाही, पायाच्या तळव्यांना येतो तेवढाच, बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०६ च्या वर गेलं की जीवावर येतं. अंगभर नळाचं पाणी ओता, फॅन लावा, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका कारण तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते, आणि तसंच दवाखान्यात न्या. दुपारी डांबरी रस्त्यावर फिरायला नेणाऱ्यांनी आधी स्वतः अनवाणी उभं राहून बघावं.

दवाखाना कुठे आहे हा सगळ्यात रास्त प्रश्न. तालुक्याचे सरकारी दवाखाने लोक ढोरांचे म्हणून ओळखतात आणि तिथला सगळा वेळ गाई-म्हशी-बकऱ्यांत जातो, फिरत्या पथकासाठी १९६२ नंबर आहे पण तोही मुख्यतः पशुधनासाठी. तुमच्यासारख्या पेपरने यावर लिहावं, आठवड्यातून एक दुपार कुत्र्या-मांजरांसाठी ठेवा म्हणून मागणी लावून धरावी, अर्धं पान तिथे सत्कारणी लागेल. तोपर्यंत एवढं करा की असले लेख नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय छापू नका, आणि येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की लसूण, मनुका, कापूर आणि सुवासिक तेलांचे उपाय मागे घेत आहोत. आत कुठेतरी चार ओळींचा खुलासा नको, कात्रणं लोकांनी जपून ठेवलीयत.

आपला नियमित वाचक,
एक औषध विक्रेता, जि. जळगाव
(नाव छापू नये ही विनंती, गिऱ्हाईक आधीच नाराज आहेत.)