शेवटचा धावपटू येईपर्यंत मॅट गुंडाळू नका

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: स्थानिक धावण्याच्या शर्यतींना परवानगी देताना शेवटच्या स्पर्धकाच्या सुरक्षिततेची अट घालण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी दादरला राहतो आणि गेली ११ वर्षे शिवाजी पार्कच्या एका रनिंग ग्रुपबरोबर धावतो. पहाटे सव्वापाचला आम्ही कट्ट्यावर जमतो. बँकेतून निवृत्त झालेले दोघे, शाळेतल्या एक बाई, एक नर्स, एक टॅक्सीचालक, पोलीस भरतीची तयारी करणारी चार-पाच मुले आणि पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई. आठवडाभर कट्ट्याच्या फेऱ्या मारतो, रविवारी लाँग रन. वरळी सी फेस, हाजी अली, अंगात जोर असला तर पेडर रोडचा चढ चढून मरीन ड्राइव्हपर्यंत. आमच्यात कुणी कोच नाही, वर्गणी नाही. नियम मात्र एक आहे आणि तो सगळे पाळतात: शेवटचा माणूस परत आल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही.

हाच नियम शहरातल्या शर्यतींना लागू व्हावा, एवढे मागायला हे पत्र लिहीत आहे.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या ताई आयुष्यातली पहिली १० किलोमीटरची शर्यत धावल्या. वय ५७. डॉक्टरांनी शुगर वाढल्याचे सांगितले म्हणून दीड वर्षापूर्वी चालायला आल्या होत्या. साडीवर बूट घालून यायच्या. मग एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे, असे करत करत एक दिवस न थांबता पाच किलोमीटर झाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून कट्ट्यावर चहा प्यायला. शर्यतीच्या आदल्या रात्री अकरापर्यंत त्या पोळ्या लाटत होत्या, कारण रविवारी केंद्र बंद असले तरी शनिवारच्या ऑर्डरी असतात. शर्यत उपनगरात होती. प्रवेश शुल्क हजाराच्या वर. फॉर्मवर कटऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची शेवटची मुदत, स्वच्छ छापलेला होता: १ तास ५० मिनिटे. आम्ही सराव १ तास ४० मिनिटांचा केला होता. मी त्यांच्या सोबतीला धावणार होतो.

सुरुवात साडेसहाची होती. पाहुणे यायचे होते, मग सत्कार, मग भाषण. सुटलो तेव्हा सात वाजून पाच मिनिटे झाली होती आणि आता ऊन अंगावर येणार हे नक्की होते. पाचव्या किलोमीटरला पाणी मिळाले. साडेसातव्या किलोमीटरच्या टेबलापाशी पोचलो तर निळे जार उलटे करून ठेवलेले, खाली चुरगळलेल्या कागदी पेल्यांचा खच, आणि दोन मुले टेबलाचे पाय दुमडत होती. "संपलं काकी, पुढे मिळेल," म्हणाली. पुढे काही नव्हते. बॅरिकेड उचलून कडेला लावले होते. बस, रिक्षा, टेम्पो सगळे आमच्या अंगावरून जात होते. एका स्वयंसेवकाने हात करून आम्हाला फुटपाथवर जायला सांगितले. फुटपाथवर उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि लावलेल्या दुचाक्या. एका चेंबरच्या कडेला ताईंचा पाय अडकला, त्या दोन्ही तळव्यांवर पडल्या. रुग्णवाहिका कुठे आहे हे सांगणारे माणूस रस्त्यावर कुणी नव्हते. माझ्या रुमालाने हात पुसले आणि त्या पुन्हा धावायला लागल्या. मी थांबायला सांगत होतो, त्या ऐकत नव्हत्या.

शेवटची कमान दिसली तेव्हा तिच्यातली हवा काढायचे काम चालू होते. ती हळूहळू एका बाजूला बसत होती. धावणाऱ्यांची वेळ नोंदवणारी टायमिंगची मॅट गुंडाळून टेम्पोत गेली होती. माझ्या घड्याळात १ तास ४३ मिनिटे झाली होती. छापलेल्या कटऑफला अजून सात मिनिटे होती.

एका मुलीने खोक्यातून काढून मेडल हातात दिले. ताईंनी तिला एवढेच विचारले, "माझी वेळ कुठे लागेल?"

संध्याकाळी मोबाइलवर निकालाची लिंक आली. नाव बरोबर, बिबचा (छातीवर लावायच्या कागदाचा) नंबर बरोबर, वेळेचा रकाना रिकामा. बिबच्या मागे चिकटवलेल्या चिपमध्ये बॅटरी नसते. मॅटमधल्या अँटेनाची लहर मिळाली तरच ती आपला नंबर सांगते. मॅट नाही तर वेळ नाही. ताईंनी तो बिब केंद्रात दरपत्रकाच्या शेजारी लावला आहे. त्यावर त्यांनी स्वतः बॉलपेनने १:४३ लिहिले आहे. गिऱ्हाईक विचारतात, तेव्हा त्या बोट ठेवून दाखवतात.

आयोजकांचे नाव मी लिहीत नाही. अशा सकाळी मी आणखीही पाहिल्या आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या बॅनरखाली, आणि त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. पहिला क्रमांक आला, फोटो झाले, बक्षिसे वाटली, की आयोजकांच्या लेखी शर्यत संपते. मागे अजून शे-दोनशे माणसे रस्त्यावर असतात. ती बहुतेक वयस्क असतात, बायका असतात, पहिल्यांदा धावणारे असतात, आजारातून उठलेले असतात. उन्हात सर्वांत जास्त वेळ तेच असतात. पाणी त्यांना सर्वांत जास्त लागते. आणि व्यवस्था नेमकी त्यांच्याच वाट्याला येईपर्यंत उचलली जाते.

महोदय, यात जिवाचा प्रश्न आहे. २००० ते २०१० या काळातल्या अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १ कोटी ९ लाख धावणाऱ्यांमध्ये ५९ जणांचे हृदय धावताना किंवा धावणे संपताच बंद पडले. म्हणजे धोका फार थोडा आहे, लोकांनी घाबरून धावणे सोडावे असे त्यात काही नाही. पण त्या ५९ पैकी ४२ जण गेले. जे वाचले त्यांच्यात जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात केली, हा मोठा फरक होता. हृदय बंद पडल्यावर विजेचा शॉक द्यायला उशीर होईल तशी दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आपल्याकडे अनेक शर्यतींत एकुलती एक रुग्णवाहिका स्टेजच्या मागे उभी असते, कारण परवानगीच्या कागदावर 'रुग्णवाहिका: १' एवढेच लिहिलेले असते. ती आठव्या किलोमीटरवर रविवारच्या ट्रॅफिकमधून किती मिनिटांत पोचेल, हे कागद विचारत नाही. आमच्या ग्रुपमधल्या नर्सबाईंनी आम्हा सगळ्यांना उशीवर छाती दाबायला शिकवले आहे. आम्ही ते आनंदाने शिकलो. पण हजार रुपये घेऊन माणसाला रस्त्यावर उतरवणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे.

मुंबईची हवाही लक्षात घ्या. इथे दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या सकाळी जो माणूस मजेत १० किलोमीटर धावतो, तोच इथे मार्चमध्ये आठव्या किलोमीटरला भेलकांडतो. उष्माघात झालेल्या माणसाला आधी जागीच बर्फाच्या पाण्याने थंड करायचे आणि मग हॉस्पिटलला न्यायचे, हे आता जगभर मानले जाते. त्यासाठी एक मोठा टब, बर्फ आणि ते ओळखणारा एक डॉक्टर पुरतो. हे फार खर्चाचे काम नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. ही आमच्या मुलांच्या पोटाशी निगडित आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि तिथे सेकंदावर गुण जातात. ही मुले स्थानिक शर्यतींत स्वतःला तपासायला जातात. एकाने मागच्या वर्षी १० किलोमीटर ३८ मिनिटांत मारले म्हणून आम्ही त्याला पेढे दिले. महिन्याभराने नीट मोजलेल्या मार्गावर तोच मुलगा ४१ मिनिटांवर आला. पहिला मार्गच कमी भरला होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

रस्त्यावरचे अंतर मोजायची पद्धत ठरलेली आहे. पुढच्या चाकाला काउंटर लावलेली सायकल, आधी पट्टीने मोजलेल्या सरळ रस्त्यावर तिचे चाक तपासून घ्यायचे, मग वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून जवळात जवळच्या रेषेने मार्ग मोजायचा. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे १० किलोमीटरचा मार्ग १०,०१० मीटर भरतो आणि कुणाला कमी अंतराची वेळ मिळत नाही. मोबाइलचा जीपीएस उंच इमारतींमध्ये भरकटतो. त्याच्या भरवशावर शर्यत आखणे योग्य नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. पुढची अशी मुलगी आज कुठल्या तरी गल्लीतल्या ५ किलोमीटरच्या शर्यतीत धावत असेल. तिला तिची खरी वेळ तरी कळू द्या.

मुंबई मॅरेथॉनचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून या शहराने धावणाऱ्यांवर जीव लावला आहे. जानेवारीतल्या त्या रविवारी मध्य आणि पश्चिम रेल्वे पहाटे खास लोकल सोडतात, पेडर रोडला आणि माहीमला लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ घेऊन दारात उभे राहतात. जे शेवटी चालत येतात त्यांच्यासाठी टाळ्या जरा जास्तच वाजतात. म्हणजे मुंबईकराला शेवटच्या माणसाची किंमत कळते. वर्षातून एकदा जे जमते, ते उरलेल्या रविवारीही जमावे, एवढाच हट्ट आहे.

आपल्या खात्याने गृह आणि नगरविकास खात्यांना बरोबर घेऊन एक परिपत्रक काढावे. फॉर्मवर छापलेला कटऑफ हा आयोजकाचा शब्द मानावा. त्या वेळेपर्यंत मॅट, पाणी, वैद्यकीय पथक आणि बंद ठेवलेला रस्ता, यातले काहीही उचलता येणार नाही, असे परवानगीपत्रातच लिहावे. सुरुवातीला उशीर झाला तर कटऑफही तेवढाच पुढे जावा. मैदान भाड्याने देताना जशी अनामत घेतात तशी इथेही घ्यावी आणि पाळले नाही तर ती परत करू नये. सर्वांत मागे एक गाडी असावी, तिच्यात पाणी आणि प्रथमोपचार असावा, आणि ज्याला खरोखर पुढे जाणे शक्य नाही त्याला तिच्यात बसवून मानाने शेवटपर्यंत आणावे. मार्ग मोजल्याचा दाखला नसेल तर जाहिरातीत अंतर छापू देऊ नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, रस्ते इतका वेळ बंद ठेवता येत नाहीत. खरे आहे, दवाखान्यात आणि कामावर जाणाऱ्यांना त्रास होतो आणि आम्हालाही तो नको आहे. म्हणूनच सुरुवात साडेपाचला करा. पहिल्या लोकल पहाटे चारच्या सुमारास सुटतात, लोक येऊ शकतात. साडेपाचला सुटलेली १० किलोमीटरची शर्यत १ तास ५० मिनिटांच्या कटऑफसह सात वीसला संपते आणि शहर जागे व्हायच्या आत रस्ता मोकळा होतो. सत्कार नंतर करता येतात. पाहुण्यांना ही विनंती आपणच केलीत तर ती ऐकली जाईल.

दुसरा आक्षेप खर्चाचा: छोटे आयोजक बुडतील. मला तसे वाटत नाही. १० किलोमीटर लांबवर नेण्याऐवजी अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्या आखा. पाण्याची दोन टेबले पुरतात, बंद करायचा रस्ता पावपट होतो, एक रुग्णवाहिका कुठेही दोन-तीन मिनिटांत पोचते आणि प्रत्येक धावणारा स्वयंसेवकांच्या नजरेसमोरून चार वेळा जातो. कुणाची चाल बिघडली तर लगेच दिसते. आमच्या भरतीच्या मुलांना फेऱ्यांचा कंटाळा नाही, ताईंना तर शिवाजी पार्कच्या फेऱ्यांचीच सवय आहे. आणि एवढेही जमत नसेल तर त्या आयोजकाने तीन हजारांऐवजी पाचशे लोकांची नावे घ्यावीत.

पावसाळा ओसरू लागला की शर्यतींचा हंगाम भरात येतो आणि फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी शहरात कुठे ना कुठे कमान उभी राहते. परिपत्रक त्याआधी निघाले तर येत्या हंगामातच त्याचा उपयोग होईल. मसुद्यासाठी धावणाऱ्यांचे म्हणणे हवे असेल तर आमच्यापैकी कुणीही मंत्रालयात यायला तयार आहे. नर्सबाईंनी वैद्यकीय व्यवस्थेचे दोन पानी टिपण लिहून ठेवले आहे, टॅक्सीवाल्या मित्राने रस्ते कुठून वळवता येतील याचा नकाशा काढला आहे.

ताईंनी डिसेंबरच्या एका शर्यतीत पुन्हा नाव दिले आहे. फॉर्म भरताना त्यांनी मला कटऑफची ओळ दोनदा वाचायला लावली.

आपला विश्वासू,
शिवाजी पार्कच्या एका रनिंग ग्रुपचा सदस्य
दादर, मुंबई