टपालाने अंतराळयुद्ध : पंचांनी पाळायची पथ्ये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या ग्रंथालयांनी मुलांसाठी टपालाने खेळायचा अंतराळयुद्धाचा डाव मांडावा, असे सुचवतो. यात खेळाडू आपल्या ताफ्यांचे आदेश पत्राने पंचाला पाठवतात आणि पंच फेरीचा निकाल पत्रानेच कळवतो. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत रिक लूमिस यांनी १९७० मध्ये टपाली खेळ सुरू केले. १९७६ च्या त्यांच्या ‘स्टारवेब’मध्ये १५ खेळाडू आणि २५५ ग्रह असत. आपल्याकडे सहा खेळाडू आणि छत्तीस ग्रह पुरेत. ज्याला त्याला आपल्या ताफ्यांपुरताच नकाशा दिसावा.

डाव बिघडतो तो बहुतेक पंचाच्या टेबलावर. पत्रे जसजशी उघडली तसतसा लढाईचा निकाल लावला, की संपले! समजा, प्रत्येक जहाजाला एक मारा आणि दोन माऱ्यांत एक जहाज बुडते. दहा जहाजे विरुद्ध सहा. दोघांचा मारा एकदम धरला तर उरतात सात आणि एक. दहावाल्याचे पत्र आधी उघडले तर दहा आणि एक, सहावाल्याचे आधी उघडले तर सात आणि तीन. म्हणजे निकाल पोस्टमनच्या हाती! म्हणून सगळी पत्रे आल्यावरच, लढाईपूर्वीच्या संख्येवर दोन्ही बाजूंचे नुकसान काढावे. आधी मारा, मग हालचाल, शेवटी नवी बांधणी. हा क्रम मध्येच बदलू नये.

आदेश पोस्टकार्डावर नकोत, वाटेत कुणीही वाचेल. अडीच रुपयांचे आंतर्देशीय पत्र बरे. आदेश आणि निकाल मिळून खेळाडूमागे फेरीला पाच रुपये, दहा फेऱ्या धरल्या तर पन्नास. मुदत चौदा दिवसांची असावी आणि ती पत्र पोचण्याची धरावी, शिक्क्याच्या तारखेची नव्हे. काणकोण आणि पेडणे या गोव्याच्या दोन टोकांहून येणारी पत्रे एकाच दिवशी पोचतील असे नाही. पत्र आलेच नाही तर ताफा जागीच थांबतो, हल्ला झाला तरच प्रत्युत्तर देतो, हे नियमात आधीच लिहावे. गणेशचवथीच्या आठवड्यात मुदत ठेवूच नये.

आकडे एकाच लिपीत मागवावेत. मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि ताफा भलत्याच ग्रहावर जातो. घाईत लिहिलेले १ आणि ९ तर वेगळे ओळखू येत नाहीत, तेव्हा ग्रहांना नावेच द्यावीत. पावसात शाईपेनाचे आदेश फुटतात. बॉलपेन सक्तीचे करावे.

किती गुणांना डाव जिंकून संपणार, हे पंचाने शेवटपर्यंत गुप्त ठेवावे. शेवटची फेरी कळली, की सगळेच मित्रांवर उलटतात.

आपले,
टपाली खेळांचे हौशी, फोंडा