शिसवीचा हातभर तुकडा रीतसर मिळावा

महोदय,

वनखात्याच्या डेपोंतून साग आणि शिसव लिलावाने विकली जाते. लिलाव ओंडक्यांच्या ढिगांचा असतो आणि ट्रकभर माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला तो सोयीचाही आहे. पण ज्या कारागिराला शिसवीचे हातभर लांबीचे चार तुकडे हवे आहेत, त्याने तेथे जाऊन उभे राहण्यात काही अर्थ नसतो. मी बेळगावच्या वडगावातील राहत्या घराच्या मागच्या पडवीत स्नूकरचे क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, हाताने घडवतो. त्या कामाच्या अनुभवावरून सुचलेली एक गोष्ट आपल्या दैनिकामार्फत वनखात्यापुढे आणि वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

क्यूला लाकूड थोडे लागते, पण ते पारखून घ्यावे लागते. क्यू तीन फुटांपेक्षा, म्हणजे ९१४ मिलिमीटरपेक्षा, आखूड नसावा आणि त्याचा रूढ निमुळता आकार बदलू नये, एवढेच नियमात आहे. प्रत्यक्षात बहुतेक खेळाडू ५७ ते ५८ इंच लांबीचा आणि साधारण ४८० ते ५४० ग्रॅम वजनाचा क्यू वापरतात. टिपेकडे, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाकडे, त्याची जाडी साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असते आणि बुडाकडे ती २९ मिलिमीटरपर्यंत वाढत जाते. दांडा ॲश किंवा मेपल या लाकडाचा असतो. ते आपल्या भागात होत नाही, मुंबई-बंगळूरच्या आयात लाकडाच्या व्यापाऱ्यांकडून फळी आणावी लागते, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फळीतील रेषा टोकापासून बुडापर्यंत सरळ गेली आहे की मध्येच बाजूला निसटते, हे मात्र स्वतः जाऊनच पाहावे लागते. ॲशच्या रेषा दांड्यावर बाणांच्या टोकांसारख्या उमटतात आणि अनेक खेळाडू त्या बाणांकडे पाहूनच क्यू दर वेळी एकाच बाजूने हातात धरतात. चौकोनी पट्टी रंध्याने आधी अष्टकोनी आणि मग गोल करत न्यायची, मात्र घाई करायची नाही. लाकडाच्या अंगात ताण असतो, एका दमात तासलेला दांडा पुढे बाक धरतो. म्हणून थोडे तासून तो उभा टांगून ठेवायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा हातात घ्यायचा.

खरी कसोटी मुठीच्या भागाची. तेथे दांड्याला चारही बाजूंनी तिरके सपाट काप देऊन त्यांवर काळ्या जड लाकडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतात; आधी समोरासमोरच्या दोन, त्या पक्क्या बसल्या की उरलेल्या दोन. नंतर सगळे मिळून गोल तासत आणले की काळ्या लाकडाच्या चार कमानी फिक्या दांड्यावर आपोआप उघडतात. यंत्राने जोडलेल्या क्यूवर त्या जागी अणकुचीदार दाते दिसतात, हाताच्या कामात टोक गोलसर येते. चारही कमानी एकाच उंचीवर यायला हव्यात. कापाचा उतार इतका कमी असतो की पाव मिलिमीटर जास्त तासले गेले तरी कमानीचे टोक जवळजवळ सेंटीमीटरभर सरकते, आणि जाणकार खेळाडू क्यू हातात घेताच आधी तेच पाहतो. परंपरेने येथे आबनूस वापरतात. आपल्या भागात त्याची जागा जून शिसव चांगली भरून काढते. ती आबनुसापेक्षा थोडी हलकी असल्याने बुडात शिशाचा तुकडा घालून तोल साधावा लागतो, इतकेच. टोकाचे पितळी टोपण उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कोणीही करून देतो. बेळगावला लेथवाल्यांची वाण नाही, वाण आहे ती लाकडाची.

सध्या माझी शिसव येते ती जुन्या सामानातून. शहापूर-वडगावात आणि खानापूरकडे जुनी घरे पाडली जातात, तेव्हा पलंगाच्या लांब बाजवा, मोडका दिवाण, क्वचित देव्हाऱ्याची चौकट हाती लागते. लाकूड उत्तम मुरलेले असते, पण आत तुटलेला खिळा राहिलेला असला तर रंध्याचे पाते जाते. आणि यातले बरेचसे लाकूड कोणी विचारायच्या आत बंबात जाते, याचे वाईट वाटते. घर पाडणाऱ्या वाचकांनी शिसवीचे सामान जाळण्यापूर्वी गल्लीतल्या सुताराला एकदा दाखवावे, ही विनंती.

परंतु जुन्या सामानावर धंदा उभा राहत नाही, शिवाय त्याची पावती नसते. शिसव तोडायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो आणि तो लागलाच पाहिजे. खानापूरच्या जंगलाकडे पाहणारा कोणीही याला विरोध करणार नाही. पण घरात शिसवीचे चार तुकडे ठेवणाऱ्या प्रामाणिक कारागिराकडे, ते कोठून आणले हे सांगणारा कागद असण्याची सोयही हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्जही आहे. अवजारे आली, तरी रंध्याखाली घालायचे लाकूड त्या योजनेत नाही.

स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत जन्मला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, आणि पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी बंगळूरमधून जगज्जेता झाला. तरीही चांगला क्यू म्हटला की आपली मुले इंग्लंड, थायलंड किंवा चीनच्या मालाची किंमत विचारतात. तसा क्यू येथे घडू शकतो.

माझी सूचना साधी आहे. डेपोत ओंडके कापताना उरणारे दीड ते दोन फुटांचे तुकडे वेगळे काढावेत आणि ठरलेल्या दराने, ओळखपत्र पाहून, एका कारागिराला ठरावीक वजनापर्यंत पावतीसह किरकोळ विकावेत. खेळणी करणारे, वाद्ये दुरुस्त करणारे, देव्हारे घडवणारे अशा सगळ्यांनाच त्याचा उपयोग होईल. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर ही विक्री झाली तरी चालेल, कारण तेव्हा घेतलेले लाकूड उन्हाळाभर वाळते. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणलेला तुकडा पुढचे कित्येक महिने कामाला घेता येत नाही.

आपला,
एक हौशी कारागीर, वडगाव, बेळगाव