सील नवे, गळती जुनीच

महोदय,

जुन्या गाडीच्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ऑइलचे ओघळ दिसतात, एक्सलचे सील (चाक फिरवणाऱ्या दांड्याभोवतीची, ऑइल अडवणारी रबरी कडी) बदलले जाते आणि थोड्याच दिवसांत ओघळ परत हजर. मग ‘सील डुप्लिकेट निघाले’ म्हणत तिसरे सील बसते. डुप्लिकेट माल असतो हे खरे; पण एकाच चाकाचे सील दोनदा गळले, तर सीलला बोल लावणे थांबवून बाकीचे तपासायला हवे. आपल्याकडे हे क्वचित होते, म्हणून हे पत्र.

गळते ते ऑइल कोणते, हे आधी पक्के करावे. ब्रेकच्या ड्रममागून आलेला थेंब बोटावर घेऊन त्यावर पाणी सोडले, की नेहमीचे ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जाते. डिफरेन्शियलचे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे, ऑइल जाडसर असते, पाण्याने हटत नाही आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल असेल तर दोष ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचा; एक्सलला हात लावायचे कारणच नाही.

डिफचे (डिफरेन्शियलचे) ऑइल असेल तर पहिली नजर ब्रीदरवर, म्हणजे आतली हवा ये-जा करू देणाऱ्या झरोक्यावर. हाउसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) वरच्या बाजूला टोपीसारखा किंवा नळी जोडलेला हा लहानसा भाग चिखलाने, गंजाने, कधी रंगकामाच्या थराने बुजतो. गाडी चालली की डिफ तापतो. २५ अंशांवरची कोंडलेली हवा ८० अंशांवर गेली की तिचा दाब सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, शिवाय ऑइलही फुगते. हे सील दाब अडवण्यासाठी बनवलेलेच नसते. दाब लिपच्या (सीलच्या दांड्याला टेकणाऱ्या रबरी ओठाच्या) कडेने वाट काढतो आणि सोबत ऑइल नेतो. उलटही घडते: तापलेला एक्सल पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढले जाते आणि ऑइल दुधाळ होते. ब्रीदर काढून फुंकून पाहावा. हवा आरपार जात नसेल तर साफ करावा, नाहीतर नवा लावावा. सील बदलण्याआधी एवढे करायला काही मिनिटे लागतात, आणि नेमके हेच वगळले जाते.

ऑइलची पातळी भरण्याच्या बोल्टच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावी, तीही गाडी सपाट जमिनीवर उभी असताना. एक बाजू जॅकवर उचलून भरलेले ऑइल हमखास जास्त होते.

यानंतर बेअरिंग. चाक उचलून, गाडी स्टँडवर टेकवून, चाक वर-खाली धरून हलवावे. काही एक्सलमध्ये आत-बाहेर थोडा खेळ मुळातच असतो, त्याने बिचकू नये. मात्र वर-खाली जाणवेल इतका खेळ असेल तर बेअरिंग गेले. सीलच्या लिपला शाफ्टचे, म्हणजे एक्सलच्या दांड्याचे, किंचित डोलणे झेपते, हाताला कळेल एवढे नाही. अशा जागी कितीही चांगले सील बसवा, ते गळणारच. ज्या एक्सलवर बेअरिंग दाबलेल्या कडीने धरलेले असते, तिथे ती कडी एकदा काढल्यावर परत वापरू नये. एक्सल, आणि त्यासोबत चाक, जागेवर राहते ते तिच्याच जोरावर.

काढलेले सील मात्र लगेच फेकू नका. सगळा निकाल त्यावर लिहिलेला असतो. लिपवर घासल्याची चकचकीत पट्टी दिसते. ती सगळीकडे सारखी रुंद असेल तर सील नुसते झिजले. एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल तर शाफ्ट भोकाच्या मध्यावर चालत नाही: बेअरिंग, वाकलेले हाउसिंग किंवा तिरके ठोकलेले सील. रबर कडक होऊन तडकले असेल तर उष्णता, बहुधा आवळून राहिलेल्या ब्रेकची. एकाच ठिकाणी चीर असेल तर एक्सल आत सरकवताना स्प्लाइनने (दांड्याच्या टोकाच्या दात्यांनी) लिप कापली. आणि लिपमागची बारीक गोल स्प्रिंग जागेवर नसेल, तर ती ठोकताना उडाली.

आता शाफ्ट. लिप जिथे फिरते तिथे नख फिरवावे. नख अडकले तर चर पडलेली आहे. मऊ रबराने पोलाद कसे कापले, असे वाटते. कापते ते रबर नव्हे, लिपमध्ये रुतलेली धूळ. चर उथळ असेल आणि जागा असेल तर नवे सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून लिप कोऱ्या भागावर आणता येते. खोल चरीसाठी पातळ पोलादी दुरुस्ती स्लीव्ह मिळते. या स्लीव्हची जाडी साधारण ०.२८ मिलिमीटर असल्यामुळे सील मूळ मापाचेच चालते. माप घ्यायचे ते चरीत नव्हे, शेजारच्या न झिजलेल्या भागावर. जिथे बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात आणि तिथला पृष्ठभाग खवल्यांसारखा उडालेला असतो, तिथे स्लीव्हवर खर्च करू नये. शाफ्टच बदलावा.

गंज घालवायला पॉलिश पेपर वापरायचा तर तो शाफ्टभोवती गोल फिरवावा. लांबीच्या दिशेने किंवा तिरका ओढलेला पेपर आट्यांसारखे ओरखडे सोडतो आणि ते ऑइल बाहेर ओढतात. चांगल्या कामावर पाणी फिरते ते इथे, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सीलवर ४५-६२-१० असे आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तिन्ही जुळवून घ्यावेत. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. लिपला ऑइल लावावे आणि स्प्रिंगच्या खोबणीत ग्रीस भरावे, म्हणजे ठोकताना ती उडत नाही. जुने सील उचकटताना हाउसिंगमध्ये पडलेले स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे घासून घ्यावेत. बाहेरची कड नुसत्या धातूची असेल तर सीलंटचा अगदी पातळ थर द्यावा. सील त्याच्या बाहेरच्या कडेवर टेकणाऱ्या पाइपने किंवा ड्रिफ्टने सरळ बसवावे. हातोडीने एकेक बाजू ठोकून कधीच नाही. एक्सल आत घालताना त्याचे वजन हातावर तोलावे, सीलवर टाकू नये.

ऑइलमध्ये टाकायची गळती थांबवणारी औषधे रबर फुगवून काही काळ तग धरतात. चर ती भरत नाहीत.

ऑइल प्यालेले ब्रेक लायनर धुऊन वापरणे मात्र धोक्याचे आहे. तापले की मुरलेले ऑइल पुन्हा वर येते आणि गाडी ब्रेक लावताना एका बाजूला खेचते. लायनर दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. बॅकप्लेट (ड्रममागची तबकडी) आणि ड्रम ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे करावेत आणि काही शे किलोमीटरनंतर उघडून पाहावेत. आधी पुसले नसेल, तर कोपऱ्यात राहिलेले जुनेच ऑइल ओघळते आणि धड बसलेले सील विनाकारण चौथ्यांदा निघते.

— एक वाचक