सातपूरच्या सुतारकाकांना, आकाश दाखवणाऱ्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र जाहीर. आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला की शाळावाले दुर्बिणीचं कौतुक करतात, म्हणजे खरं तर आरशाचं. नळीच्या तळाशी बसवलेला, प्रकाश गोळा करणारा सहा इंची आरसा चांगला आहेच, पण तो विकत मिळतो. पहिली-दुसरीतल्या मुलाला गुरूचे चंद्र खरोखर दिसतात ते तुम्ही केलेल्या लाकडी बैठकीमुळे आणि त्या स्टुलामुळे. दुसऱ्या कुणाला असं काही करायचं असेल तर मापं हाताशी असावीत, म्हणून तीही लिहितो.

आपल्या आरशाचं नाभीय अंतर १२०० मिमी. २५ मिमीची आयपीस (म्हणजे डोळा लावायचं भिंग) लावली की ४८ पट मोठं दिसतं, १० मिमीची लावली की १२० पट. १२० पटीला जेवढं आकाश मावतं ते चंद्राच्या बिंबाहूनही थोडं कमी, आणि पृथ्वी फिरत असल्याने गुरू त्यातून पावणेदोन मिनिटांत निघून जातो. एका मुलाला वीस सेकंद दिली तरी चार-पाच मुलांमागे नळी जराशी सरकवावीच लागते. सरकवताना ती आधी अडकली आणि मग एकदम सुटली, तर गुरू गेलाच. रांग तिथेच थांबते, पोरं दंगा करू लागतात.

हे टाळलं ते तुमच्या टेफ्लॉनच्या तीन तुकड्यांनी; बैठकीची वरची फळी खालच्या फळीवर त्यांच्याच आधाराने फिरते. सगळं वजन साधारण १५ किलो, म्हणून प्रत्येक तुकडा ५ चौरस सेंमीचा, म्हणजे सव्वादोन सेंमीचा चौकोन. दर चौरस सेंमीला एक किलो भार आला की हालचाल लोण्यासारखी होते. तुकडे त्याहून मोठे घेतले तर बैठक जड चालते. तिन्ही तुकडे बरोबर तीन पायांच्या वर बसवलेत हे फार महत्त्वाचं. पायांच्या मधे बसवले असते तर फळी लवून नळी डुलली असती. वरच्या फळीला तुम्ही खडबडीत सनमायका लावला. गुळगुळीत दिसायला छान, पण टेफ्लॉन त्यावर आधी चिकटून बसतं. नायलॉन स्वस्त पडतो, तोही अडकतोच. मधला बोल्ट फक्त मध्य धरण्यापुरता. कुणी उत्साहाने पाना लावून आवळला की संपलं. तेल तर नकोच, धूळ धरतं.

प्लाय १८ मिमीचा मरीन. १२ मिमीच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही. कडा पॉलिशने बंद केल्यात म्हणून आपल्या पावसाळ्यात फुगल्या नाहीत. वर-खाली फिरण्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइपचे एंड कॅप वापरलेत, ते आयपीस आणि शोधक दुर्बीण लावून, तोल जिथे आला तिथेच बसवलेत. रिकाम्या नळीवर तोल काढला असता तर आयपीस लावताच तोंड खाली गेलं असतं. नळीवर टिचकी मारली की चित्र दोनेक सेकंदांत स्थिर होतं. अर्थात खाली जमीन असेल तर. गच्चीवर पोरं धावली की गुरू नाचतो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहिल्याने चित्र उकळल्यासारखं हलतं. शाळा गच्ची देऊ करतात, आम्ही मैदान मागतो, आणि आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा म्हणून दुर्बीण तासभर आधी मांडतो.

पण खरी कमाल स्टुलाची. नळी माथ्यावर रोखली की आयपीस जमिनीपासून सव्वा मीटरवर जाते; पहिलीतल्या मुलाचा डोळा साधारण एक मीटरवर. साधं प्लास्टिकचं स्टूल दिलं की मूल चढतं, टाचा उंचावतं आणि तोल सावरायला हाताला येईल ते पकडतं. हाताला येते दुर्बीण! तुम्ही पायऱ्या १५ आणि ३० सेंमीवर घेतल्यात, बाजूला उभा दांडा ठोकून त्याला आडवी मूठ बसवलीत. आता ‘आधी मूठ धर, मग डोळा लाव’ एवढंच सांगायचं. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, ती अडचणही सुटली: एक हात मुठीवर, दुसऱ्याच्या तळव्याने डोळा झाकलेला.

‘दिसलं का?’ असं आम्ही विचारत नाही. मागे रांग असते, उत्तर ‘हो’च येतं. ‘गुरूच्या कुठल्या बाजूला किती ठिपके?’ असं विचारतो. मोठे चंद्र चार, पण एखादा गुरूच्या मागे किंवा पुढ्यात असला की तीनच. मुलाने ‘एकीकडे दोन, दुसरीकडे एक’ म्हटलं आणि ते जुळलं, तर ते तुमच्या बैठकीला मिळालेलं सर्टिफिकेट समजा. गुरू सिंहेत आला की सिंहस्थ, हे आपल्याकडच्या मुलांनी घरी ऐकलेलं असतंच. सूर्याभोवती फिरायला त्याला ११.८६ वर्षं लागतात, हे त्यालाच जोडून द्यायचं.

चंद्राला मात्र तिथी बघावी. शुद्ध पंचमी ते दशमी विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला मागणी फार, पण तेव्हा सावल्याच उरत नाहीत आणि डोळे दिपतात. कोजागरीला मसाला दूध प्यावं, दुर्बीण घरी ठेवावी.

तुम्ही बाजूला अंशांची पट्टी चिकटवलीत तिचाही रोज उपयोग होतो. नाशिक २० अक्षांशावर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशांवर; हात लांब करून धरलेल्या दोन मुठी. मुलं मुठींनी मोजतात, मग पट्टीवर ताडून बघतात. आणि नळीच्या तोंडाला केलेलं कडीचं झाकण दिवसा लावलेलंच असतं. सूर्याकडे ती नळी चुकूनही वळता कामा नये.

आता एक मागणं. २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराला नाशिकमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या तेवीस-चोवीसलाही येतो, पण तेव्हा ढग. त्यासाठी ३० सेंमीची खुंटी ठोकलेल्या दहा पाट्या हव्यात, प्रत्येकीला तळाशी तीन लेव्हलिंग स्क्रू. पाटी एक अंश कलली तरी अर्धा सेंमी सावली उरते आणि मुलं म्हणतात, ‘सर, आहे की सावली!’ खुंट्या तेवढ्या तुमच्या ओळंब्याने लावा. सागाचे तुकडे उरले असतील तर तेच चालतील, मजुरी मात्र या वेळी घ्यायचीच.

तुमचे,
नाशिकमध्ये शाळाशाळांतून आकाश दाखवणारे आम्ही सगळे